सोमवारची यादी

मोनास्तीर. खोली दोनशे चौदा.
भाडं अर्धं पडावं म्हणून मी आणि वेल्यान.
तो बितोलाचा, मी कुताइसीचा,
दोघांत मिळून एकच भाषा, तीही मोडकी.
समुद्र दिसणाऱ्या खोलीला जास्त पैसे पडतात,
आमच्या खिडकीत पार्किंग.

संध्याकाळी ड्रॉ लागला.
कोर्ट नऊ, सकाळचा दुसरा सामना:
तो आणि मी.
कुणी काही बोललं नाही.
त्याने टूथपेस्ट मागितली, मी दिली.

माझ्या सामानात बावीस किलो,
त्यातले अकरा गटिंगच्या यंत्राचे.
रॅकेटमागे दहा युरो घेतो.
गेल्या आठवड्यात एकोणीस रॅकेटी भरल्या
आणि एक सेट जिंकला.
हातावर पोट म्हणतात ते हेच असावं,
फक्त माझ्या हातावर घट्टे दोन जातींचे:
तळव्यावर खेळाचे, बोटांवर धंद्याचे.

आई विचारते, टीव्हीवर कधी दिसशील?
कॅमेरा आहे, आई. एकच. खांबावर.
सट्टा लावणाऱ्यांसाठी.
कुठल्याशा देशात रात्री तीनला जागं राहून
कुणीतरी माझ्या डबल फॉल्टवर पैसे हरतं
आणि मला, तुला, आपल्या घराण्याला
व्याकरणशुद्ध शिव्या पाठवतं.
तेवढे माझे प्रेक्षक.
हे तिला सांगत नाही. सांगतो,
इथलं ऊन छान आहे.

दर सोमवारी यादी लागते.
गुण बावन्न आठवडे टिकतात, मग जातात.
मागच्या वर्षी याच आठवड्यात, इथेच,
मी उपांत्यपूर्व फेरी गाठली होती.
तीन गुण. त्या रात्री बंदरावर तळलेला मासा खाल्ला,
वेटरला टीप दिली, एखाद्या श्रीमंतासारखी.
आता ती रात्र वजा होणार.
उसनं घेतलेलं भांडं शेजारीण मागायला येते
तसा सोमवार दाराशी येतो,
आणि आपल्याला वाटत असतं, भांडं आपलंच.

दहा वाजता वेल्यान दोन रॅकेटी घेऊन उभा राहिला.
"चोवीस किलो." नेहमीसारखंच.
मग जरा थांबून,
"की दुसऱ्या कुणाकडे देऊ?"
दुसरं कुणी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

उभ्या सोळा तारा, आडव्या एकोणीस.
तेवीस आणि चोवीस यांत
डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं.
एक किलो ढील, की चेंडू वीतभर लांब पडतो,
आतला बाहेर जातो,
आणि माणूस स्वतःच्याच मनगटाला कोसतो.
वेल्यान तोंडावर टॉवेल घेऊन पडला होता.
झोपला होता की नाही, माहीत नाही.

त्या एका किलोचा विचार मी
चौदाव्या तारेपर्यंत केला.

सामना दोन तास एकेचाळीस मिनिटं चालला.
शेवटच्या गुणाला त्याचा बॅकहँड
मागच्या रेषेवर, बोटभर आत.
पंचाने माझ्याकडे पाहिलं, वाद घालतोय का म्हणून.
मी नेटकडे निघालो होतो.
चोवीस किलोचा फटका होता तो.
काम माझ्याच हातचं. चांगलं झालं होतं.

खोलीत आलो तर उशीवर वीस युरो, घडी घातलेले.
पहिल्या फेरीत हरणाऱ्याला जे मिळतं
त्यात कर कापून दीड रात्रीचं भाडं निघतं;
वीस युरोंनी ते दोन रात्रींजवळ आलं.

सोमवारी सहाशे अकराचा सहाशे चौतीस झालो.
तेवीस माणसं माझ्या अंगावरून गेली,
एकाचाही पाय लागला नाही.

संध्याकाळी वेल्यान पुन्हा आला. तार तुटलेली.
"चोवीस," म्हणाला.
मी काटा चोवीसवर आणला
आणि त्याला दिसावा म्हणून बाजूला सरकलो.
त्याने बघितलंच नाही.
माझ्या बॅगेत हात घालून तो
टूथपेस्ट शोधत होता.