हौदा

स्वाकोपमुंडचं धुकं निवळायच्या आत
ती दुकानासमोर गाडी लावून उभी होती.
अडेलहाइड गावासेस. बोअरवेलचे पंप दुरुस्त करते
खोरिक्सासच्या पलीकडे, जिथं नकाशात नदी निळी
आणि प्रत्यक्षात नुसती वाळू.
पिकअप अकरा वर्षांची. पांढरी म्हणायची, एवढंच.

मी सवयीनं भिंतीवरून बोट फिरवलं:
हा विंच, साडेचार टन ओढतो.
"बांधू कशाला?" ती म्हणाली.
"माझ्या ऐंशी किलोमीटरात एक झाड आहे,
आणि ते मावशीचं आहे."
मी हसलो. ती नाही.
"वाळूत स्टेपनी पुरते, तिलाच दोर बांधते.
स्टेपन्या मात्र दोन दे."

स्नॉर्कल घेतला. पाण्यासाठी नाही,
पुढच्या गाडीच्या धुळीसाठी.
धूळ वर जरा विरळ असते,
हे मला माहितीपत्रकातून ठाऊक,
तिला खोकल्यावरून.
कॉम्प्रेसर घेतला, लहानातला लहान.
वाळू लागली की टायरची हवा काढायची,
खडी लागली की भरायची,
दिवसातून चारदा,
गुडघे टेकून.

मागच्या कमानीत एक पाटा वाढवू?
वजन कायमचं असेल तर बरा.
"कायम कुठलं? जाताना पाईप, येताना माणसं.
पाईप दात वाजवत नाहीत."
मग मऊ पाटा.

शेवटी मी ठेवणीतला माल काढला:
ॲल्युमिनियमचं छत, खाली सरकते खण,
बाजूला फ्रीज. परदेशी पाहुणे
यावर हात फिरवतात, घोडा बघावा तसा.
तिनं खण ओढला, लोटला,
पुन्हा ओढला. आवाज न करता येतो तो.
तिला आवडला होता. मला दिसलं.
मग वितीनं मोजत हौद्याच्या टोकापर्यंत गेली.
"फ्रीडाकाकू कुठं बसेल?
शुक्रवारची शाळेची पोरं? आणि बोकड?"
"बोकड खणात," मी म्हणालो.
तेव्हा हसली.

छत राहिलं. त्याऐवजी कडेनं एक नळी,
धरायला.
किती उंच?
"मुवांगुआ, तू बस बरं आत."
मी बसलो. चौदा वर्षं लोकांच्या गाड्या सजवतोय,
हौद्यात शेवटचा बसलो तेव्हा
आईच्या मांडीवर माझं डोकं होतं
आणि आईचा हात कुठं होता
ते मी कधी पाहिलंच नव्हतं.
तिनं माझ्या कोपरापाशी खडूनं रेघ ओढली.

जाताना दिव्यांची पट्टी फुकट देऊ केली,
रात्रीचा दिवस करते म्हटलं.
"रात्री पाण्यावर हत्ती येतात.
त्यांच्या दारात दिवस करणारे आपण कोण?"

वर्षानं गाडी परत आली.
मी आधी ती वाचतो, मग मालकाशी बोलतो.
स्नॉर्कलला काटेरी फांद्यांचे ओरखडे.
एक स्टेपनी नव्हती, विचारलं नाही.
नळीचा रंग हातांच्या जागी उडालेला,
खाली लोखंड नाण्यासारखं गुळगुळीत,
डावीकडे जास्त.
"परतताना सावली तिकडे असते," ती म्हणाली.
मागचा पत्रा मात्र आत दबलेला,
पसरट, थंडपणे दाबल्यासारखा.
"धडक?"
"नाही. हत्तीण होती. पाठ खाजवून गेली.
आम्ही सगळे आत, श्वास धरून.
बोकडसुद्धा."

पत्रा सरळ करू?
"राहू दे. त्याचं काही अडत नाही.
खाली अजून एक नळी घाल.
पोरं बुटकी आहेत."
किती खाली?
तिनं हात गुडघ्याशी धरला,
मग थोडा वर,
मग अजून थोडा,
मग म्हणाली, "थांब,
तू बसवेपर्यंत वाढतील."