फिक्की मेटॅलिक

कॉटन मार्केटच्या मागे, टायरांच्या गल्लीत,
हेमनदासनं काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या
आणि आधी रंग विचारला.
मला सांगता येईना.
आरसी बुकात नुसतं सिल्व्हर आहे.
शोरूमवाल्यानं अकरा वर्षांपूर्वी भलतंच नाव सांगितलं होतं,
दारूचं की धुक्याचं,
आणि पुष्पलता त्याच्यादेखत म्हणाली होती,
हा तर ज्वारीच्या पिठाचा रंग, जरा वर्ख मिसळलेला.
तेच सांगितलं.
तो हसला नाही. म्हणाला, "म्हंजे फिक्की मेटॅलिक."

काळ्या गाडीला काहीही लावा साहेब,
विहिरीसारखी खोल दिसते.
फिक्कीत खोली नसते, कणी असते,
काचेसारख्या थराखाली निजलेली.
डब्यातलं घट्ट मेण तिच्यावर साय धरते, पिवळं पडते,
आणि आपल्या इथं मे महिन्यात
बोनेटवर भाकर भाजून निघते.
पातळच न्या. पण कोणतं,
ते तुमच्यावर आहे.
विकून राहिले, का ठेवून राहिले?

डावी बाटली विकणाऱ्यांची.
चरे बुजतात, रविवार निभावतो,
तिसऱ्या धुण्याला सगळं पुन्हा वर येतं,
तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात.
उजवी महाग. ती काही लपवत नाही,
नुसती बसून राहते सहा महिने,
कोराडीची राख, बोअरचं खारं पाणी अंगावर घेत.
"पण फिक्कीवर ती लावली काय, न लावली काय,
डोळ्याले समजत नाही," तो म्हणाला,
"खोटं काहून बोलू?"

एकतीस वर्षं मी अंबाझरीच्या फॅक्टरीत
इन्स्पेक्शनला काढली.
दोन शिक्के होते, पास आणि रिजेक्ट.
कधी तिसरा मागितला नाही.
त्या दिवशी मात्र मी दोन्ही बाटल्या घेऊन घरी आलो.

रविवारी कामठीहून भोयर येणार होता,
बायको, लहान पोर, पहिलीच गाडी.
फोनवर तीनदा विचारून झालं होतं,
काका, चरे-बिरे?
डाव्या दारावर किल्लीचा आहे,
मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हाचा.
डिकीवर आडवा, हातभर, कुलरच्या पत्र्याचा.
मानेवाड्याला तिच्या बहिणीकडे तो कुलर पोचवताना
पुष्पलता म्हणत होती, हळू, अहो हळू,
आणि मी हळू केलं नव्हतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला, पत्रा थंड असताना,
गाडी धुतली.
हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवून
बोटांनी खरखर शोधली.
डिकीच्या मधोमध उभी टेप लावली,
डावीकडं डावी बाटली, उजवीकडं उजवी.
दोन्ही वाळून सारख्याच पांढुरक्या झाल्या.
पुसल्या. टेप काढली. चार पावलं मागं गेलो.
सारखंच.
हेमनदास खोटं बोलला नव्हता.

मग शेजारच्या गच्चीवरून ऊन खाली आलं,
तिरपं,
आणि कुलरचा चरा दिसला.
उजवीकडून निघाला, स्वच्छ, जसाच्या तसा,
आणि टेप होती तिथं येऊन संपला.
पलीकडं पीठ. वर्ख.
जणू कुणी हळू म्हणालंच नव्हतं.

डावी बाजू मी साबणानं तीनदा धुतली.

भोयरला सगळे चरे बोट ठेवून दाखवले.
त्यानं चार हजार कमी केले, लाजत लाजत.
पोरगं बोनेटवर पाणी शिंपडत होतं,
थेंब गोळ्या होऊन पळत होते,
त्याला तेवढंच कळलं, आणि ते बरोबर होतं.
उरलेली उजवी बाटली डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.
सावलीत लावा, म्हटलं. आधी हलवून घ्या.

डावी इथंच आहे, कुलरच्या पंपाशेजारी.
सोमवारी चौकात तर्री-पोहे खाताना पाहिलं,
नखांत अजून पांढरं होतं.
कुठल्या बाटलीचं, ते काही कळेना.