चौकातला दोर

आमच्या गावात वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीला.
शाळेतली पोरं, पेन्शनीतले म्हातारे, फायली सांभाळणारा वकील,
सगळे एका हाताने टोपी अन् दुसऱ्याने दोर धरून
रस्ता ओलांडतात.
एवढंही चालवत नाही का, असं
कुणी कुणाला विचारत नाही.

मी तो कधी धरला नाही.
खलाशाची नात, पुंता अरेनासची पैदास.
वाऱ्याला काय भ्यायचं?

डिसेंबरात इथे रात्री अकरालाही आभाळ विझत नाही.
त्या उजेडात मी वारं प्यायलेलं वासरू.
तीन आठवडे झोप नको, जेवण नको.
पहाटे तीनला स्वयंपाकघर पिवळं रंगवलं,
भावाला उठवून सांगितलं, मीर्को,
आपण लोकरीचा कारखाना काढतोय.
विणायची चार यंत्रं आणली, हप्त्यावर.
बेकरीतल्या सगळ्यांना बूट घेतले, मीर्कोलाही,
मापं न विचारता.
दानित्साचं घर कसं उजळलंय, लोक म्हणाले.
मीही म्हणाले.

मग ते आलं.
हिवाळ्याची वाटसुद्धा पाहिली नाही त्याने,
फेब्रुवारीच्या भर उन्हात आलं.
यंत्रांची खोकी तशीच, न उघडलेली,
त्यांच्यापलीकडे माझी खाट.
दात घासणं हे केवढं काम असतं!
आधी ट्यूबचं झाकण. मग पाणी.
मग मान वर करून आरसा.
तिथेच मी थांबायचे.
ज्या वासावर वीस वर्षं जगले
तो पावाचा वास सोसेना.
मीर्को दाराबाहेर सूप ठेवून जायचा,
दुसऱ्या दिवशी साय धरलेलं तेच भांडं उचलायचा.
वहिनी म्हणायची, नखरे.
आई म्हणायची, तुझ्या बापाचंही असंच…
आणि पुढे काही म्हणायची नाही.
पुढचं बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे.

आरोग्यकेंद्रात गेले ती पाठ दुखते म्हणून.
खिडकीवर तसंच सांगितलं.
ओरियाना नावाची परिचारिका, चिलोए बेटावरची,
हात ऊबदार, बोलणं तुटक.
पाठ दाबून पाहिली, म्हणाली,
केस शेवटचे कधी धुतलेस?
मंगळवारी, मी म्हणाले.
कुठल्या, ते सांगता येईना.

तिने कागद पुढे केला.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?
एकही नाही, थोडे, अर्ध्याहून जास्त, रोज.
मी रोज, रोज, रोज करत गेले,
नवव्या प्रश्नापाशी पेन अडलं.
बापाला कुणी हा प्रश्न विचारला असेल का?
खरं लिहिलं.
ती दचकली नाही. खुर्ची जवळ ओढली,
एकेक करून विचारलं, कधीपासून, कशाने, घरी कोण आहे,
माझ्यासमोरच मीर्कोला फोन लावला.
डॉक्टर उद्या सकाळी, म्हणाली. तोवर एकटं राहायचं नाही.

मग म्हणाली, आणि चांगले दिवस?
चांगल्यांचं काय, ते कशाला?
किती चांगले, दानित्सा?

मी सांगितलं. पिवळा रंग, यंत्रं, बूट.
सांगता सांगता हसूही आलं, कित्येक दिवसांनी,
आणि पाहिलं तर ती हे सारं
त्याच रकान्यात लिहीत होती.

काळे दिवस घेऊन जा, बाई, हवे तेवढे.
ते पिवळे माझे होते.
असं मी बोलले नाही. अजून बोलायचंय.
डॉक्टरशी बोलेन कदाचित.

बाहेर वाऱ्याने दार हातातून ओढून घेतलं.
चौकापलीकडे मीर्को उभा,
पायांत तेच बूट, दोन मापं मोठे,
पुढे कागद कोंबून बसवलेले.
त्याने हाक मारली असेल, ऐकू आली नाही.

मी हात पुढे केला.
दोर ओला होता, खरखरीत,
आणि त्याला जागोजागी
दुसऱ्यांच्या हातमोज्यांची लोकर चिकटलेली.