पाच ते एकोणीस

सातपूरच्या माझ्या खोलीत त्या संध्याकाळी
अकरा माणसं आणि एक टीव्ही.
हरसूलहून जिजा बेंडकोळीची आई आली होती,
पिंपळगावच्या पॅकिंग हाउसातून खाडा करून भाऊ,
बाकी पोरं पेठ रोडला पहाटे तिच्या मागे धावणारी.
मी कागदावर पंचवीस रकाने आखून बसलो होतो.
तीस वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धांत फेऱ्या मोजल्या,
शेवटच्या फेरीला घंटा वाजवली,
तांबट लेनमधून घेतलेली, पितळेची, पदरच्या पैशांनी.
सवय जात नाही.

नमनाला घडाभर तेल जळून झालं.
दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ,
पाहुण्यांच्या गळ्यातला हार फूल न फूल दाखवला.
मग दहा हजार मीटर, मुली.
बंदूक वाजली.
ब्याऐंशी सेकंद. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.
चार रकाने भरले.
जिजा आठवी, घोळक्याच्या शेपटाला,
हात वर धरून पळते, सांगून थकलो.
आई म्हणाली, "वाळली गं."

आणि कॅमेरा उठून गेला.

आधी गेला शंभर मीटरकडे, जी तासाभरापूर्वीच संपली होती.
बारा सेकंदांची धाव चार बाजूंनी,
मग सावकाश, मग आणखी सावकाश,
गालाचं मांस हलेपर्यंत.
मग लांब उडीचा खड्डा.
एक माणूस दंताळ्यानं वाळू सारखी करत होता,
मन लावून करत होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.
मग सिमेंट. केसांचं तेल. परत सिमेंट.
मग प्रेक्षकांत बसलेला कुणी क्रिकेटवाला
गॉगल काढताना,
गॉगल लावताना.

भावानं विचारलं, "पळतायत ना अजून?"
"पळतायत," मी म्हटलं.
माझ्या हातात घड्याळ चालू होतं,
त्याला जाहिराती नसतात.

म्हणे लांब पल्ल्यात काही घडत नाही.
भात शिजतानाही काही घडत नाही,
झाकण ठेवून दुसऱ्या घरी गप्पा मारायला गेलात तर.
वीस मिनिटं. तेवढ्यात रिक्षा
सातपूरहून शालिमारला पोचते.
पंधरा फेऱ्या, सहा हजार मीटर,
कुणाचं कोपर लागलं, कुणाचा श्वास फुटला,
कुणी मागे वळून पाहिलं आणि तिथेच हरली,
सगळं त्या वाळूखाली, सारखं करून.

कॅमेरा परत आला तेव्हा विसावी फेरी,
आणि पुढे एकटीच, हात वर धरून,
मागचीला साठ मीटर सोडून, आपली जिजा.
समालोचक दचकला.
"बेंडा... बेंडाकोली! ही कुठून आली?"
"हरसूलहून!" आई टीव्हीला म्हणाली.

शेवटच्या फेरीची घंटा ऐकूच आली नाही,
तो प्रायोजकांची नावं वाचत होता.
मी उठलो, फळीवरची माझी काढली
आणि वाजवली.
खालच्या मजल्यावरची बाई आरती समजून
हात जोडून वर आली,
पाहिलं, आणि थांबली.

रात्री फोन लागला. पदक, जेवण, झोप, सगळ्यांचं बोलून झालं.
मी कागद पुढे ओढला.
"पाचवीपासून सांग."
"सर, आता?"
"आता."
सांगत गेली. सातवीत बुटाची नाडी सुटली, तशीच पळाली.
नवव्या फेरीत केरळची मुलगी रडत होती, पळता पळता.
तेराव्यात पाणी अंगावर सांडलं, बरं वाटलं.
"आणि सोळाव्यात? पुढे का गेलीस? मी अठरा सांगितलं होतं."
"ऊन उतरलं होतं सर. पलीकडच्या सरळीला
पुढच्या पोरींच्या सावल्या माझ्या पायात यायच्या.
तुडवाव्याशा वाटेनात.
म्हणून बाजूनं काढलं."

मी लिहून घेतलं.
अकरावा रकाना कोरा राहिला.
तिलाही आठवत नव्हतं.