पैकीच्या पैकी

गोचानं गाडीला गप्प केलंय.
तेलावीच्या बाजारात, बॅटऱ्या आणि मोजे विकणाऱ्या टपरीवर
पाच लारींना मिळते ती चीज: नुसती जीभ, मागे पट्टाच नाही.
खाचेत खुपसली की गाडीला वाटतं, माणूस बांधलेला आहे.
टुंग टुंग थांबतं.
"बघ, नानुली आत्या," तो म्हणतो, "यंत्राला फसवलं."

मी माझा पट्टा ओढते.
छातीच्या फासळ्यांवरून, कमरेच्या हाडावर.
पोटाच्या मऊ भागावर नाही.
एकतीस वर्षं आठवीला जडत्व शिकवलं मी.
टेबलावर पाण्याचा ग्लास, ग्लासखाली कागद.
कागद हिसका देऊन ओढायचा;
ग्लास जागच्या जागी, पोरांच्या टाळ्या.
त्यांना ती जादू वाटायची.
जादू कसली? आळस होता तो ग्लासाचा.
बसलेलं उठत नाही, निघालेलं थांबत नाही,
कुणीतरी थांबवावं लागतं.
कुणी, आणि किती जागेत,
पुढचं सगळं शास्त्र एवढंच.

गोम्बोरीचा घाट. काटा चौपन्नवर.
म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर; मनातला भागाकार काही सुटत नाही.
पंधराचा वर्ग, निम्मा करा, दहानं भागा:
सव्वाअकरा मीटर.
म्हणजे या घडीला आम्ही दोघं
चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बाहेर पाय सोडून बसलोय,
आणि गोचा सूर्यफुलाच्या बिया सोलतोय.

गाडी आदळली तर तिचं नाक अर्धा मीटर चुरगळतं.
चुरगळावं म्हणूनच कुणीतरी ते मऊ ठेवलेलं असतं.
बांधलेला माणूस त्या अर्ध्या मीटरचा वाटेकरी.
पट्टा त्याला धरतो, किंचित सैल देतो, पुन्हा धरतो,
हट्टी घोड्याचा लगाम जाणत्या हातात असावा तसा.
न बांधलेला मात्र अजून प्रवासातच.
गाडी कधीच थांबलेली,
आणि याच्या वाट्याला थांबायला तीन बोटं जागा.
वेग तोच. जागा दहावा हिस्सा.
मार किती, ते आठवीतलं पोरही सांगेल.

सांगितलंही होतं. वाझानं.
तिसऱ्या बाकावरचा, शाईनं बोटं निळी करणारा.
पहिला नियम, उदाहरणासह, आकृतीसह.
मी लाल पेननं लिहिलं होतं: पैकीच्या पैकी.
आता या घाटात सातव्या वळणावर त्याचा फोटो आहे, दगडात बसवलेला.
खाली कट्टा, कट्ट्यावर दोन पेले,
जाणाऱ्या-येणाऱ्यानं त्याच्या नावानं घोटभर प्यावी म्हणून.
त्यानं आकृतीत माणूस काढला होता, बाण काढला होता,
बाणाला नावही दिलं होतं.
पट्टा काढला नव्हता.
मीही गुण कापले नव्हते.

आणि तिथंच मेंढ्या.
डोंगरावरून उतरलेला अख्खा कळप, रस्ताभर लोकर.
गोचानं ब्रेक दाबला. नुसता ब्रेक, टक्कर नाही.
माझा पट्टा खट्कन अडकला, खांद्यात रुतला.
मागच्या सीटवरचं कलिंगड मात्र
आपला चौपन्नचा हट्ट सोडेना.
दोन सीटांमधून आलं, पुढच्या फळीवर फुटलं.
गोचाची छाती स्टिअरिंगवर.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मेंढ्या जात राहिल्या, त्यांना काय.
धनगराचा कुत्रा दारातून डोकं घालून
लाल गर चाटू लागला, त्याला आम्ही हाकललं नाही.
गोचा छाती चोळत होता, केसांत कलिंगडाच्या बिया.
"फुटलं कसं गं," तो म्हणाला, "मी तर हळूच..."
"मोठं होतं," मी म्हटलं.
एकतीस वर्षांत एवढं वाईट उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

त्यानं ती जीभ खाचेतून उपसली.
फेकली नाही. खिशात घातली, पाच लारी पडल्या होत्या शेवटी.
गाडी पुन्हा बोलू लागली: टुंग, टुंग, टुंग.
बोलू दिलं त्यानं तिला,
सातव्या वळणावरच्या पेल्यांपर्यंत.
मग हात खांद्यामागे गेला.