पहिली बैठक, अजमान

खुर्च्या सहा मांडल्या, आलो चौघंच.
मासळीच्या कोल्ड स्टोअरेजवरचा दिगंबर तोडणकर,
अंगाला सुरमईचा वास तसाच;
एक्स-रे विभागातल्या मृणालताई,
आणि प्रेतं गावी पाठवायची कागदपत्रं करणारा
इक्बाल परकार.

मी पुठ्ठ्यावर लिहिलं: उणे एकशे शहाण्णव.
दिगंबर हसला,
आमची सुरमई उणे अठरालाच मुकी होते.

पेशींत बर्फ होऊ द्यायचा नाही ना?
नाही ताई, काच व्हायचं.
त्यांनी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

इक्बाल बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पेटीचं भाडं किलोवर लागतं.
दोनशे वर्षांचं कोण भरणार?
आणि व्हिसा? आपला तर दोनच वर्षांचा.

चहा निवला.
बाहेर रात्री अकराला छत्तीस अंश.

वर्गणी ठरली, महिना वीस दिरहॅम.
पावतीवर मंडळाचं नाव हवं, ते सुचेना.

चपला घालता घालता इक्बालनं विचारलं,
उठल्यावर न्यायला कोण येणार?

जो आधी उठेल तो, मी म्हणालो,
आणि कुणी काहीच बोललं नाही.

उसन्या आणलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या
त्यानंच शेजारी नेऊन दिल्या.