जमा वस्तू

वहीत पाच रकाने आहेत :
तारीख, नाव, वस्तू,
जमा केल्याची सही, परत मिळाल्याची सही.
सहावा मी पेन्सिलीनं आखलाय.
त्यात काय लिहायचं ते ठरलेलं नाही.

तासगावच्या वेशीबाहेर, बेदाण्याच्या शेडला लागून आमचं केंद्र.
मार्चात गंधकाची धुरी दिली की वास थेट वॉर्डात.
खोकत खोकत कुणीतरी म्हणतंच,
"ही बी द्राक्षंच की ओ मॅडम."
मगदूम मॅडम हसत नाहीत. खिडकी लावून घेतात.

पट्टा, करगोटा, अडकित्ता, अत्तराची बाटली.
विजारीची नाडीसुद्धा ओढून घेतो आम्ही.
नाडी निघताना माणूस वर बघतो, छताकडे,
लहानपणी आई कपडे बदलताना बघायचा तसा.
मी खाली बघून लिहितो :
नाडी, एक, पांढरी.

जालिंदर निकम, राहणार आळसंद, धंदा गलाई.
पहिल्या खेपेला अर्धं पान भरलं.
घड्याळ, अंगठी, साखळी, दोन मोबाईल,
सेलमच्या दुकानाच्या किल्ल्या
आणि कस लावायचा काळा दगड,
तळहाताएवढा, वर केसासारख्या पिवळ्या रेघा.
दुसऱ्या खेपेला चार ओळी.
तिसऱ्या खेपेला जीपमधून आधी शालनवहिनी उतरल्या,
मागून तो, दोघांच्या खांद्यावर.
काय आहे जमा करायला, विचारलं.
खिसे उलटे केले त्यानं.
अस्तरं बाहेर लोंबत राहिली.
दगड तेवढा हातात.
"ह्यो कुणी इकत घेत न्हाई," म्हणाला.
"सोनं असल्याबिगर ह्याचा उपेग न्हाई."

तिसऱ्या रात्री थरथर सुटली.
तमिळमध्ये कुणाला तरी दटावत होता,
गाल फुगवून उशीवर फुंकर घालत होता,
मूस तापंना, मूस तापंना.
मुजावर सिस्टर इंजेक्शन घेऊन उभ्या,
मी पाय धरलेले.
काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं,
तापली बघ जालिंदर. ओत आता.
त्यानं हवेत ओतलं. दोन्ही हातांनी, सावकाश.
तेवढा वेळ हात हलले नाहीत.
मग झोपला.

दर बुधवारी शालनवहिनींचा फोन.
सुधारला का, असं त्या विचारत नाहीत.
जेवतोय का, विचारतात.
जेवतोय, म्हणतो मी,
आणि त्या पलीकडं उगीच फोन धरून बसतात,
मागं शेरडाचं ओरडणं, कुकरची शिट्टी.

चाळीस दिवसांनी सही करताना
'ज' तीनदा गिरवला. बाकी सरळ आलं.
नाडी घेतली, तिथंच ओवून बांधली.
दगड माझ्याकडं सरकवला.
"राहू द्या तुमच्याजवळ.
परत आलो तर हुडकाय नको.
न्हाई आलो तर..."
जीपचा हॉर्न वाजला.
वाक्य माझ्या टेबलावर राहिलं, दगडाशेजारी.

पान एक्केचाळीसवर मी आहे.
अक्षर माझ्या आधीच्या कारकुनाचं.
कंगवा, चष्म्याची डबी, अकरा रुपये.
परत मिळाल्याची सही नाही.
नऊ वर्षं झाली, त्याच कपाटाची किल्ली माझ्या कमरेला,
पण कंगवा मागितला तर
निघावं लागेल, असं काहीतरी वाटतं.

कधी रात्री ड्रॉवर उघडून
त्या दगडावर नख घासून बघतो.
पांढुरकं उमटतं. फुंकर मारली की जातं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.
शेडवरचं कुत्रं भुंकायला लागलंय.
वही काढतो, तारीख घालतो.
चहा अर्धा उरलाय, तो आधी पितो.